'सातोरी' आणि शनिवारची बिघडलेली मैफल

पत्राचा सारांश: पत्रलेखक चाळिशीच्या उंबरठ्यावर आहेत. मूळ गाव कोल्हापूर, शिक्षण पुण्यात, आणि गेली सहा वर्षं नोकरीनिमित्त टोक्योच्या निशिकासाई भागात राहतात. वसतिगृहातले चार मित्र आता चार गावांना पांगले आहेत, पण दर शनिवारी रात्री ते फोनवर जमतात आणि एक जण बाकीच्यांना काहीतरी ऐकवतो. गेली नऊ वर्षं हे अखंड चालू होतं. दोन महिन्यांपूर्वी पाळी पत्रलेखकांची होती. जपानमधल्या १९७० च्या आसपासच्या हेवी रॉकने त्यांना वेड लावलंय. त्यांनी फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँडने वाजवलेलं 'ब्लॅक सॅबथ' हे गाणं ऐकवलं, मग त्याच बँडच्या 'सातोरी' या एलपीचा पहिला भाग लावला. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडवर जीव असलेला जिवलग मित्र म्हणाला, "ही तर सॅबथची कॉपी आहे." दुसऱ्याला गायकाचे इंग्रजी उच्चार ऐकून हसू आवरेना. तिसरा ऐंशीच्या दशकातल्या लाउडनेस या जपानी बँडचा भक्त. तो म्हणाला, "यात हेवी काय आहे? हे नुसतं दुर्मीळ आहे म्हणून लोक डोक्यावर घेतात." शब्दाला शब्द वाढला. त्या रात्री पत्रलेखक म्हणाले, "तुमचे कान अजून हॉस्टेलमध्येच आहेत." तेव्हापासून जिवलग मित्र शनिवारी येत नाही.

पुढे त्यांचे जपानी घरमालक, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, 'सातोरी'चं नाव ऐकून हसले. म्हणाले, "आम्ही हॅप्पी एंड ऐकणारे. त्या मंडळींना परदेशी व्हायचं होतं." (हॅप्पी एंड हा त्याच काळातला दुसरा जपानी बँड.) याने पत्रलेखक फार खचले. आता शिंजुकुच्या एका दुकानात त्यांनी 'सातोरी'ची मूळ तबकडी पाहून ठेवली आहे. किंमत महिन्याच्या घरभाड्यापेक्षा जास्त. ते विचारतात: "या संगीतात खरंच काही आहे की मीच भुललोय? मित्रांना हे कसं पटवून देऊ? ती तबकडी घेऊ का? की गटातूनच बाहेर पडू?"

---

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मधे उठून 'सातोरी' लावली, पाचही भाग, सलग. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते कानात तो आवाज असतानाच लिहितेय.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. हो, त्यात आहे. भरपूर आहे. तुम्ही भुललेले नाही.

पण तुम्ही धरून चाललाय की तीन मित्र आणि एक घरमालक अशा चौघांनी मिळून तुमच्या संगीताला नापास केलं. मला तसं दिसत नाही. चौघं चार वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलले. एकाने विचारलं, हे स्वतःचं आहे का? दुसऱ्याने विचारलं, ही भाषा यांच्या तोंडात बसते का? तिसऱ्याचा प्रश्न 'हेवी' या शब्दाबद्दल होता. आणि आजोबांनी तर पन्नास वर्षांपूर्वीचं एक भांडण उकरून काढलं. तुम्ही मात्र चौघांना एकच उत्तर दिलंत: तुम्हाला कान नाहीत. म्हणून हे चारही प्रश्न आधी सुटे करते. तुमच्यासारखी पत्रं मला अधूनमधून येतात. कुणाचं मित्रांशी ख्याल गायकीवरून वाजलेलं असतं, कुणाचं मेव्हण्याशी जुन्या हिंदी गाण्यांवरून. त्यांनाही यातलं काही उपयोगी पडेल.

आधी कॉपीचं बघू, कारण खरी जखम तिथे आहे.

तुम्ही सुरुवात कशाने केलीत? 'एनीव्हेअर' या १९७० च्या एलपीवरच्या 'ब्लॅक सॅबथ'ने. अहो, ते गाणं सॅबथचंच आहे! त्या एलपीत जवळजवळ सगळी दुसऱ्यांचीच गाणी आहेत. किंग क्रिम्सन या इंग्लिश बँडचं आहे, अमेरिकन ब्लूज गायक मडी वॉटर्सचं आहे, 'हाउस ऑफ द रायझिंग सन' आहे. तुमच्या मित्राने आयुष्यभर ज्या सॅबथवर प्रेम केलं त्याचंच गाणं जपानी मंडळी वाजवताना तुम्ही त्याला ऐकवलंत, आणि तो कॉपी म्हणाला म्हणून रागावलात. त्या क्षणी तो दुसरं काय म्हणणार होता? मला स्वतःलाही 'एनीव्हेअर' फारशी भावत नाही. ती शिकाऊ काळातली तबकडी आहे. जीव तोडून वाजवलीय, पण घर दुसऱ्याचं आहे.

पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, 'सातोरी' आली. तिच्यात एकही उसनं गाणं नाही. मधल्या काळात काय झालं हा प्रश्न मला कॉपीच्या आरोपापेक्षा कितीतरी जास्त खुणावतो.

याआधीचं थोडं सांगते, कारण त्याशिवाय ही उडी किती मोठी होती ते कळत नाही. बीटल्स १९६६ च्या उन्हाळ्यात टोक्योच्या बुदोकानमध्ये वाजवून गेले. त्यांच्याआधी जे जपानी कलाकार मंचावर आले त्यांत गायक युया उचिदा होता. त्याच सुमारास जपानमध्ये 'ग्रुप साउंड्स'ची लाट उसळली. गिटार घेतलेली पोरं, एकसारखे गणवेश, आणि रेकॉर्ड कंपन्यांनी ठरवलेल्या गीतकार-संगीतकारांकडून आलेली गोड गाणी. पोरांना क्लबात रोलिंग स्टोन्स वाजवायचे असत, तबकडीवर मात्र गोडवाच भरावा लागे. १९६९ च्या आसपास ती लाट ओसरली, आणि त्या गोडव्याला विटलेल्या वादकांनी आपला 'न्यू रॉक' सुरू केला. उचिदा दरम्यान युरोपात जाऊन क्रीम हा बँड आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्स ऐकून आला होता. परतल्यावर त्याने 'फ्लॉवर्स' नावाचा बँड जमवला, १९६९ मध्ये त्यांची एलपी काढली, तीही बहुतेक परक्या गाण्यांची. मग बँड नव्याने बांधला, तोच फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँड. गायला जो यामानाका, गिटारवर हिदेकी इशिमा. स्वतः उचिदा मागे सरला आणि निर्माता झाला. म्हणजे दोन एलपी नक्कल, आणि तिसरी 'सातोरी'.

आपल्याकडे ही गोष्ट अनोळखी नाही. शिवपुत्र कोमकली नावाचा मुलगा लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवायचा. लोक थक्क होत. त्या मुलाचे पुढे कुमार गंधर्व झाले. त्यांना कुणी नकलाकार म्हणत नाही, कारण नकलेच्या पलीकडचं त्यांनी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. आणि १९६५ मध्ये त्यांनी बालगंधर्वांची पदं गायला घेतली तेव्हा कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. त्या 'मला उमजलेले'त सगळं आलं. आमच्या घरात मात्र त्यावरून महाभारत झालं होतं. माझे थोरले काका बालगंधर्वांच्या तबकड्या मऊ फडक्यात गुंडाळून ठेवणारे. कुमारांचं गाणं ऐकून आले आणि वडिलांना म्हणाले, "हे पद नाही, हे पदाचं व्याकरण आहे." वडील उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. दोघं भाऊ आठवडाभर एकमेकांशी जेवणापुरतंच बोलत होते. मी हे आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की ती गॅलरी मला दिसते. काका संगीताचे अडाणी होते का? मुळीच नाही. ज्याच्यावर त्यांचं प्रेम होतं त्याची जागा कुणी घेतंय असं त्यांना वाटलं, एवढंच.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्हालाच परत वाचून दाखवते. तुम्ही लिहिलंय, "वसतिगृहात सॅबथची कॅसेट पहिल्यांदा त्यानेच मला दिली होती." हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. मला तेच पत्राचं मर्म वाटतं. इतकी वर्षं देणारा तो होता आणि घेणारे तुम्ही. या वेळी तुम्ही टोक्योहून बोलत होतात, हातात नवं काहीतरी होतं, आणि (माझा अंदाज चुकला असेल तर माफ करा) तुमच्या सुरात 'हे त्यापेक्षा भारी आहे' असं काहीतरी होतं. त्याला ते त्याच्या कॅसेटवर पाय दिल्यासारखं वाटलं असेल. मग तुम्ही वर हॉस्टेलच्या कानांचं वाक्य टाकलंत. ते कान त्यानेच तर तुम्हाला दिले होते.

कॉपीबद्दल शेवटचं एक. सॅबथची पोरंही बर्मिंगहॅममध्ये सुरुवातीला अमेरिकन ब्लूजच वाजवत होती. 'एनीव्हेअर'वर मडी वॉटर्स आहे तो उगाच नाही. सगळेच त्या एका विहिरीवर घागर घेऊन आले होते. जपानी वादकांना अंतर मात्र जास्त कापावं लागलं आणि शिकवायला कुणी नव्हतं. तबकडी हाच गुरू. योकोहामाच्या वादकांना थोडं जवळून ऐकायला मिळालं, कारण तिथे होनमोकुला अमेरिकन वसाहत होती आणि तिच्या आसपासच्या क्लबांत नवं संगीत लवकर पोचत असे. गोल्डन कप्स हा बँड तिथला. त्यांचा बेस वाजवणारा मासायोशी काबे पुढे स्पीड, ग्लू अँड शिंकी या बँडमध्ये गेला.

आता उच्चार. हसू आलं असं म्हणणाऱ्या मित्रावर मला राग येत नाही. काही ठिकाणी ते अवघडलेलं लागतं, हे मान्य करायला हवं. पण इंग्रजी का, हा प्रश्न त्या काळात जपानमध्येच पेटला होता, आणि तुमच्या घरमालकांचं हसू तिथूनच आलंय.

१९७० आणि ७१ मध्ये 'न्यू म्युझिक मॅगझिन' या मासिकात याच्यावर खडाजंगी झाली. एका बाजूला उचिदा. त्याचं म्हणणं, जपानी भाषा रॉकच्या ठेक्यावर नीट बसत नाही, आणि जगापर्यंत जायचं तर इंग्रजीतच गायला हवं. दुसऱ्या बाजूला हॅप्पी एंड: हारुओमी होसोनो, एइइची ओताकी, शिगेरू सुझुकी आणि ड्रम वाजवता वाजवता गीतं लिहिणारा ताकाशी मात्सुमोतो. ते जपानीतच गात होते. १९७१ च्या 'काझेमाची रोमान'मध्ये त्यांनी ते इतकं सहज करून दाखवलं की वाद तिथेच निकालात निघाला असं पुष्कळ जण मानतात.

उचिदाचं म्हणणं हट्टाचं वाटतं, पण त्यात वादकाचा अनुभव आहे. जपानीत साधारण एका स्वराला एक मात्रा पडते. इंग्रजीतलं 'आय लव्ह यू' तीन ठोक्यांत संपतं. तेच 'आनाता ओ आइशिते इमासु' म्हटलं की अकरा मात्रा होतात. जड, संथ रिफवर, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यावर, तीन शब्द फेकणं सोपं. अकरा मात्रा बसवायच्या तर गाण्याची चालच वेगळी बांधावी लागते. हॅप्पी एंडने ती वेगळी बांधली, आणि त्यामुळे त्यांचं संगीतही वेगळं झालं, हलकं, गप्पा मारल्यासारखं. फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँडने दुसरा मार्ग घेतला. शब्दच इतके कमी केले की भाषा जवळजवळ गळून पडली. 'सातोरी'त शब्द आहेत किती? यामानाकाचा आवाज गिटारशेजारी उभा असलेला एक उंच वाद्यस्वर आहे. तुमच्या मित्राने उच्चारांकडे कान लावले, जिथे त्या गायकाने जीव लावलाच नव्हता.

आणि स्पीड, ग्लू अँड शिंकीची 'इव्ह' ही एलपी कधी ऐकवलीत तर त्याला सांगा की त्यांचा गाणारा ड्रमर जोई स्मिथ फिलिपिनो होता. गिटारवर शिंकी चेन, योकोहामाचा, चिनी वंशाचा. 'जपानी रॉक' म्हणून आपण जे एका पिशवीत भरतो त्यात असली माणसं आहेत. जोई स्मिथ नंतर मायदेशी परतला, हुआन दे ला क्रूझ बँडमध्ये गेला, आणि तिथे टागालोगमध्ये रॉक गाणाऱ्यांतला मोठा माणूस झाला. म्हणजे भाषेचा तोच प्रश्न त्याने घरी जाऊन उलट बाजूने सोडवला.

तेव्हा तुमच्या घरमालकांकडे पुन्हा एकदा बघा. तुम्ही लिहिता, "जपानी माणसालाच हे आवडत नसेल तर मी कोण?" अहो, आजोबा न्यायाधीश नाहीत, ते त्या खटल्यातले एक पक्षकार आहेत! विशीत असताना त्यांनी एक बाजू घेतली होती आणि पन्नास वर्षांनीही सोडलेली नाही. मला तर हे ऐकून त्यांच्याबद्दल माया वाटली. असा माणूस तुमच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि तुम्ही त्याच्या एका वाक्याने खचून खाली आलात? एक दिवस काहीतरी खायला घेऊन वर जा. 'सातोरी'चं नाव काढू नका. तेव्हा ते कुठे बसून ऐकायचे ते विचारा. त्या काळी नवी परदेशी तबकडी विकत घेणं तरुणांना परवडत नसे, म्हणून एक कप कॉफी मागवून तासन्‌तास तबकड्या ऐकण्याची किस्सा नावाची कॅफे होती. ते कुठल्या किस्सात जायचे, तिथे बोललं तर चालायचं का, शेजारच्या टेबलावर उचिदाच्या बाजूची पोरं बसायची का. आणि मग म्हणा, तुमची हॅप्पी एंड मला ऐकवा. मनापासून ऐका. तुम्हाला 'काझेमाची रोमान' आवडली तर 'सातोरी'शी बेइमानी होत नाही.

त्यांचं 'परदेशी व्हायचं होतं' हे वाक्यही जरा थांबून बघण्यासारखं आहे. कॅनडाच्या लाइटहाउस या बँडशी ओळख झाल्यावर ही मंडळी खरोखरच टोरांटोला जाऊन राहिली. तिथे त्यांनी जी एलपी ध्वनिमुद्रित केली ती १९७२ मध्ये आली, आणि तिचं नाव ठेवलं 'मेड इन जपान'. त्याच वर्षी डीप पर्पल या इंग्लिश बँडने ओसाका आणि टोक्योतल्या कार्यक्रमांची तबकडी काढली, तिचंही नाव तेच. जपानी लोकांची कॅनडात घडलेली आणि इंग्रजांची जपानात घडलेली, दोघींवर एकच शिक्का. परदेशी व्हायला निघालेल्या माणसांनी परक्या गावात बसून आपल्या देशाचं नाव तबकडीवर लिहावं, यात मला घराची ओढच दिसते. तुम्ही कोल्हापूर सोडून निशिकासाईत राहता, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल. (तबकडी म्हणून मात्र ती मला 'सातोरी'च्या बरोबरीची वाटत नाही. शब्द वाढले आणि वाऱ्यासारखं जे होतं ते थोडं कमी झालं.)

लाउडनेसवाल्या मित्राशी तुमचं भांडण खरं म्हणजे नाहीच. तो आणि तुम्ही 'हेवी' हा शब्द दोन अर्थांनी वापरताय. लाउडनेस १९८१ मध्ये उभी राहिली. १९८५ च्या 'थंडर इन द ईस्ट'ने अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत ७४ वा क्रमांक गाठला. तिथे हेवी म्हणजे वेग, धार, त्यांचा गिटारवादक आकिरा ताकासाकीची बोटं. १९७१ मध्ये हेवी म्हणजे वजन. एकच रिफ जात्यासारखा फिरत राहायचा आणि त्यातून ऐकणाऱ्याला एक तंद्री लागायची. ताकासाकीचे कान घेऊन 'सातोरी'कडे गेलं तर ती रेंगाळलेलीच वाटणार. त्याच्यासाठी वाट वेगळी आहे. त्याला ब्लूज क्रिएशन या जपानी बँडची १९७१ ची 'डेमन अँड इलेव्हन चिल्ड्रन' द्या. त्यांचा गिटारवादक काझुओ ताकेदा तेव्हा विशीच्या आसपासचा होता. १९६९ ची पहिली एलपी त्यांनी दुसऱ्यांच्या ब्लूजवर काढली होती, आणि दोन वर्षांत स्वतःची गाणी अशी काही उभी केली की त्यांचा जोर आजही अंगावर येतो. तिथून १९७६ मध्ये पहिली एलपी काढणारी बाउ वाउ, आणि मग त्याची लाउडनेस. त्याच्या आवडीचा आजा-पणजा कुठे राहत होता ते त्याला बघायला मिळेल. त्याला ते आवडेलच असं नाही, पण अनोळखी तरी वाटणार नाही.

दुर्मीळ म्हणून डोक्यावर घेतात, या त्याच्या वाक्यात थोडं खरं आहे, आणि ते तुम्हाला टोचलं ते त्यामुळेच. ब्रिटनमधल्या ज्युलियन कोप या गायकाने २००७ मध्ये जपानी रॉकवर पुस्तक लिहिलं आणि आपल्या पन्नास एलपींच्या यादीत 'सातोरी'ला पहिला क्रमांक दिला. त्यानंतर या संगीताभोवती एक वलय आलं, तबकड्यांचे भाव चढले. पाश्चात्त्य संग्राहकांच्या कौतुकात 'गूढ पूर्वेची' भूलही असते. बँडनेही ती थोडी वापरली. सातोरी म्हणजे झेन परंपरेतला साक्षात्कार, आणि कव्हरवर ध्यानस्थ आकृतीचं रेखाटन. तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय, "यात पूर्वेचा आत्मा आहे." हे वाक्य तुमचं आहे की कुठेतरी वाचलेलं, हे एकदा स्वतःला विचारा. तुमचं असेल तर त्याऐवजी नेमक्या कुठल्या मिनिटाला, कुठल्या जागेवर तुमच्या अंगावर काटा येतो ते मित्रांना सांगा. आत्म्यावर वाद होतो. जागेवर होत नाही, ती दाखवता येते.

आणि जागा दाखवण्यावरून एक गोष्ट. तुमच्या पत्रात या संगीताचा सगळ्यात चांगला श्रोता कोण आहे, ठाऊक आहे? तुमची बायको. तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय की दुसरा भाग चालू असताना ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे काय, सतार लावलीस का?" तुम्ही म्हणालात, "सतार नाही, गिटार आहे, तुला नाही कळायचं," आणि दार लोटून घेतलंत. तिने लहानपणी पाच वर्षं गाणं शिकलंय हे तुम्हीच लिहिलंय. तिला जे ऐकू आलं ते बरोबर होतं! तो राग नाही, कुणी त्याला राग म्हणू नये. पण इशिमाची गिटार त्या दुसऱ्या भागात ब्लूजची वाट सोडून पूर्वेकडच्या सुरावटीत शिरते, एका आधारस्वराभोवती फिरत राहते. आणि पुढे याच इशिमाने सतार आणि इलेक्ट्रिक गिटार यांचं मिश्रण करून 'सितारला' नावाचं वाद्य घडवलं. २००८ मध्ये बँड पुन्हा एकत्र येऊन एलपी काढली तेव्हा तो तेच वाजवत होता. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं त्या माणसाच्या मनात जी सतार होती ती तुमच्या बायकोला भिंतीपलीकडून, कुकरच्या शिट्ट्यांतून ऐकू आली. आज घरी गेल्यावर आधी तिला हे सांगा. आणि दुसरा भाग तिच्यासोबत बसून, दार उघडं ठेवून ऐका.

तबकडी घेऊ नका. निदान आत्ता नको. तुम्ही लिहिलंय, "मूळ प्रेसिंगचा आवाज ऐकला की ते गप्प होतील." फोनवरून कुठलं मूळ प्रेसिंग कुणाला ऐकू येणार आहे? कुणाला गप्प करण्यासाठी घेतलेली वस्तू घरात आली की ती बघताना दर वेळी तेच भांडण आठवतं. शिवाय मूळ जपानी तबकडीच्या किमतीचा एक भाग ओबीचा असतो, कव्हरभोवतीच्या त्या कागदी पट्टीचा. ती संग्राहकाची गोष्ट आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण संग्राहक व्हायचं की नाही हा वेगळा निर्णय आहे, तो बायकोशी बोलून, शांतपणे, घरखर्चाची वही समोर ठेवून घ्यायचा. 'सातोरी'ची पुन्हा काढलेली प्रत सहज मिळते. ती घ्या. वर्षभर वाजवा. तरीही मूळ प्रत हवीशी वाटली तर शिंजुकु कुठे जात नाही.

मित्रांना पटवून देण्याचं विचारलंत. माझ्या मते पटवून द्यायचा हेतूच मनातून काढून टाका. शनिवारची ती बैठक नऊ वर्षं टिकली, कारण तिथे कुणी काही सिद्ध करत नव्हतं. ज्याला जे आवडलं ते तो मांडायचा. त्या रात्री तुम्ही मात्र गाणं लावायच्या आधी वीस मिनिटं प्रास्ताविक केलंत, याद्या वाचल्यात, कोण काय म्हणालं ते सांगितलंत. तुम्ही स्वतःच लिहिलंय. इतकं ऐकून घेतल्यावर माणूस गाणं ऐकत नाही, तपासतो. पुढच्या वेळी एकच तुकडा ऐकवा, 'सातोरी'चा दुसरा भाग, आणि आधी नावही सांगू नका. सात-आठ मिनिटांचं काम आहे. झाल्यावर लगेच 'कसं वाटलं?' विचारू नका. दाद मागितली की ती येत नाही. कुणी काही बोललं तर ते कशाबद्दल बोलतायत ते आधी नीट ऐका: सुराबद्दल, भाषेबद्दल, वेगाबद्दल की तुमच्याबद्दल. आणि नाही आवडलं तर नाही आवडलं. माझ्या काकांना शेवटपर्यंत कुमार आवडले नाहीत. वडील त्यांच्याकडे दर दिवाळीला जात राहिले.

गटातून बाहेर पडायचा विचार तर सोडाच. बाहेर आधीच एक जण पडलाय, आणि त्याला परत आणायचं काम तुमचं आहे. माफी मागताना 'तुला वाईट वाटलं असेल तर' असं म्हणू नका. वाईट वाटलंच आहे. 'मी ते वाक्य बोललो ते चुकलं' एवढंच म्हणा, आणि गाण्याबद्दलचं तुमचं मत मागे घेऊ नका. तो ते मागतही नाहीये. कदाचित तो म्हणेल, "कॉपी आहे ती आहेच." तर म्हणा, "त्या पहिल्या गाण्याबद्दल तुझं बरोबर होतं. मी सुरुवातच चुकीची केली." हे खरंच आहे, त्यामुळे म्हणायला जड जाणार नाही.

शनिवारची वाट बघू नका. भारतात तुमच्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, त्याची ऑफिसातून घरी यायची वेळ तुम्हाला माहीत आहे. त्याला एकट्याला फोन करा. 'सातोरी'वर बोलू नका. वसतिगृहातली ती सॅबथची कॅसेट आता कुठे आहे ते विचारा, आणि तिच्या दुसऱ्या बाजूला त्याने काय भरलं होतं तेही. तुम्ही लिहिलंय की ते तुम्हाला आठवत नाही. त्याला आठवत असेल.